डुलकीमोड्या

जेथ्रो पास्कने काठी लांब केली आणि तिसऱ्या बाकावरच्या लोहाराच्या टकलावर पितळी गोळा टक्कन आपटला. लोहार दचकला, इकडेतिकडे बघून खाकरला आणि प्रवचन काळजाला भिडल्यासारखी मान डोलवू लागला. मागच्या बाकांवर खसखस पिकली.

"हळू रे डुलकीमोड्या," लोहार पुटपुटला. "ऐरण नाहीये ती."

थॉर्नबेक गावात जेथ्रोला सगळे याच नावाने ओळखत. मेंढ्या राखताना त्याचा गुडघा मोडला, तेव्हा चर्चने त्याला ही काठी दिली आणि आवाराच्या भिंतीला लागून एक खोली. काठीच्या एका टोकाला पितळी गोळा, तो पुरुषांसाठी. दुसऱ्या टोकाला कोल्ह्याचे शेपूट, ते बायकांच्या गालावरून फिरवायला. प्रवचनात कुणाचा डोळा लागला की जेथ्रोने त्याला जागे करायचे. सगळ्यांना, एक सोडून. उजव्या हाताला जमीनदारसाहेबांची बसायची जागा होती, छातीभर उंच लाकडी भिंतींची, आत उशा आणि शेकोटी. तिथून दर रविवारी घोरणे ऐकू येई आणि तिथवर काठी पोहोचत नसे. पोहोचत नसे म्हणजे काय, जेथ्रो ती तिकडे नेतच नसे. खोली गमवायची हौस कुणाला असते?

गावात नवे आलेले पाद्री, मिस्टर व्हिनफील्ड, यांना शब्दांचा भारी नाद. जुने शब्द जमवून ते मोठा ग्रंथ लिहिणार होते आणि ग्रंथ पुरा होईपर्यंत त्याचा मारा गावाने सोसायचा होता. आज 'नॅप' या शब्दाची पाळी होती.

"आपण म्हणतो, जरा नॅप काढली," पाद्रीसाहेब वरून सांगत होते. "जसं काही चिमूटभर मीठ टाकलं. कापडावरच्या लवेलाही तुम्ही विणकर नॅपच म्हणता, पण तो शब्द निराळा, समुद्रापलीकडच्या विणकरांबरोबर आलेला. डुलकीचा शब्द मात्र आपल्या घरचा. आपले सॅक्सन पूर्वज 'ह्नॅपियन' म्हणत, तेव्हा तो असा हलका नव्हता. देवाबद्दल बोलतानाही ते तो वापरीत. राखणदार देव कधी डुलकी घेत नाही, असं म्हणत. शब्द हलका झाला, तसं पापही हलकं झालं."

दाराजवळच्या गरिबांच्या बाकावर केझाया लंब बसल्याजागी झोपली होती. तिशीतली विधवा, पदरी तीन पोरे. जमीनदारांच्या म्हाताऱ्या आईला रात्र रात्र झोप येत नसे, आणि आपल्याला नाही तर दुसऱ्या कुणाला का असावी, असा त्या बाईंचा स्वभाव. केझाया रात्रभर त्यांचे पाय चोळी आणि रविवारी तिथूनच थेट चर्चला येई. जेथ्रोने तिच्या गालाजवळ शेपूट नुसते हवेत फिरवले आणि कानाडोळा केला.

प्रवचनानंतर दाराशी पाव वाटत. कुणी एक लोकरीचा व्यापारी मरताना ही सोय करून गेला होता: गरिबांनी प्रवचन ऐकावे, पाव न्यावा. केझायाने हात पुढे केला. पाद्रीसाहेबांनी पाव उचलला आणि हातातच धरला.

"आज मी कुठल्या शब्दावर बोललो, केझाया?"

तिने जेथ्रोकडे पाहिले. जेथ्रोने काठीकडे.

"देवाच्या," ती म्हणाली.

लोक हसले. लोहार सगळ्यांत मोठ्याने हसला. पाद्रीसाहेबांनी पाव पुन्हा फळीवर ठेवला.

"पाव ऐकणाऱ्यांसाठी आहे, बाई. मी काही कठोर माणूस नाही. एकदा जागं करावं लागलं तर समजून घेईन. दुसऱ्यांदा लागलं, तर पाव नाही." मग ते जेथ्रोकडे वळले. "तुझे डोळे अधू झालेत का रे? तसं असेल तर सांग, गावात तरुण माणसं आहेत."

तो पाव जमीनदारांच्या शिकारी कुत्र्यांना गेला. पुढच्या रविवारी जेथ्रोला शेपूट दोनदा फिरवावे लागले, आणि त्याही रविवारचा पाव कुत्र्यांनीच खाल्ला.

मंगळवारी केझाया त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"जेथ्रोकाका, शेपटानं काही होत नाही. जाग येते आणि पुन्हा डोळा लागतो. दुसऱ्यांदा उठवलंत की पाव गेला."

"मग मी काय करू, पोरी? त्यांची नजर असते माझ्यावर."

"पितळेचं टोक वापरा."

"बायकांना नाही लावत ते."

"एकदाच लावा. पण असं लावा की झोप फिरकायची नाही." तिने बाही वर केली आणि मनगटाचे हाड दाखवले. "इथं. डोक्यात नको. दोन रविवार पोरं दारात बसून होती, काका, आणि मी रिकाम्या हातानं गेले."

रविवारी तिची मान पडली तशी जेथ्रोने काठी उलटी केली. हाडावर पितळ बसले. केझायाच्या तोंडून हवा गेल्यासारखा आवाज आला, आणि मग मनगट मांडीत दाबून ती शेवटपर्यंत टक्क जागी राहिली. पाव मिळाला.

"पाहिलंस," पाद्रीसाहेब खूश होऊन म्हणाले, "मनावर घेतलं की होतं सगळं."

असे बरेच रविवार गेले. तिचे मनगट निळे झाले, मग काळपट हिरवे. पहिल्यांदा जेथ्रोला घरी जाऊन जेवण गेले नव्हते. आता जात होते. वाईट कामाला हात फार लवकर सरावतो, हे त्याला स्वतःविषयी कळले आणि त्याची लाज वाटली. पण काठी खाली ठेवायची म्हणजे खोली सोडायची, आणि लंगड्या म्हाताऱ्याला थंडीत कोण दारात उभे करणार?

ख्रिसमसच्या तोंडावर एका रविवारी फटका जुन्या जखमेवरच बसला आणि केझाया किंचाळली.

घोरणे थांबले. लाकडी भिंतीवरून जमीनदारसाहेबांचा चेहरा वर आला, केसांचा टोप कानावर घसरलेला.

"रविवारी तरी माणसाला स्वस्थ," ते म्हणाले आणि क्षणभर अडखळले, "चिंतन करू द्याल की नाही?"

कुणी हसले नाही. लोहारसुद्धा नाही.

नंतर पाद्रीसाहेबांनी जेथ्रोला बाजूला घेतले. "साहेबांचं बरोबर आहे. लोकांना जागं ठेवायचं, पण दुसऱ्याला त्रास देऊन नाही. पुन्हा आवाज झाला तर तिला बाहेर बसव."

"बाहेर प्रवचन ऐकू येत नाही, साहेब. मग पाव?"

"ऐकू आलं नाही तर पाव कसा मिळेल?" त्यांनी शांतपणे विचारले. त्यांना खरेच तो प्रश्न सोपा वाटला.

जेथ्रोने केझायाला सगळे सांगितले.

"आवाज नाही होणार," ती म्हणाली. "पण काका, आता एका फटक्यानं तासभर निभत नाही. सुरुवातीचं मी कसंही ओढीन. मध्यावर मान पडली की मगच मारा. लवकर मारलंत तर शेवटी झोपेन, आणि मग सगळं फुकट."

"बरं," जेथ्रो म्हणाला.

पुढच्या रविवारी कडाक्याची थंडी होती. केझाया बाकाच्या कडेला बसली होती, दातांत फडक्याची घडी, मान खाली. पाद्रीसाहेबांनी नव्या शब्दाला नुकता हात घातला होता. दोन वाक्ये झाली आणि ते थांबले. त्यांनी गरिबांच्या बाकाकडे पाहिले, मग जेथ्रोकडे.

तिची बोटे परकराची किनार चाळवत होती. झोपलेल्या माणसाची बोटे अशी हलत नाहीत, हे जेथ्रोला कळत होते. पाद्रीसाहेबांनी भुवया उंचावल्या. उजवीकडून घोरणे संथपणे चालू होते. जेथ्रोने काठी उलटी केली आणि मारले.

आवाज झाला नाही. केझायाने मान वर केली. तिच्या तांबारलेल्या डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता. फडके दातांतच धरून तिने त्याच्याकडे बघत हळूच मान हलवली, नाही, नाही.

जेथ्रोने वर पाहिले. ती जागी होती, एवढेच म्हणायचे होते. पण त्याने काठी सरळ करून खांद्याला टेकवली.

पाद्रीसाहेबांनी सगळ्यांना दिसेल असे, मोजल्यासारखे एक बोट वर केले, केझायाकडे पाहून समजुतीने हसले आणि प्रवचन पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.