पाण्याच्या नळीतले पट्टे

प्रात्यक्षिकाआधी डॉ. अमोलिक मॅडम साऱ्या वर्गाला उभे करून एक मिनिट प्रार्थना करवीत. डोळे मिटलेच पाहिजेत, हा त्यांचा दंडक. अमरावतीच्या त्या ख्रिस्ती महाविद्यालयात मॉलिक्युलर बायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले, कुठल्याही देवाची असोत वा नसोत, तो मुकाट्याने पाळीत. त्या दिवशी प्राजक्ताने तो मोडला.

तिचे वडील गजेंद्रराव शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे बागायतदार. दिवाळीत त्यांनी मुलीला बजावले होते, "बंगलोरच्या संस्थेत नाव लागलं तर शीक अजून. नाही लागलं तर परतवाड्याचं स्थळ तयार हाय. मंग रडू नको." संस्थेच्या उन्हाळी संशोधनासाठी मॅडम एकच नाव धाडीत, आणि प्राजक्ताच्या पुढे एकटी पायल होती, अकोल्याच्या संघपाल मास्तरांची मुलगी. वसतिगृहात दोघी एकाच खोलीत राहत, एका ताटात जेवत. प्राजक्ताला तिचा राग नव्हता. ती पुढे तेवढी नको होती.

निवड त्या दिवसाच्या प्रात्यक्षिकावरच व्हायची होती. प्रत्येकाने दात कोरायच्या काडीने आपल्या गालाच्या आतल्या पेशी खरवडायच्या, त्यांतल्या डीएनएचा एक ठराविक तुकडा यंत्रात लाखो पटींनी वाढवायचा आणि जेल नावाच्या पारदर्शक वडीवर, प्रत्येक नळीला एक रांग देऊन, त्याचे पट्टे पाहायचे. तो तुकडा माणसागणिक कमीजास्त लांबीचा, म्हणून पट्टे ज्याचे त्याचे वेगळे. सोबत एक नळी नुसत्या शुद्ध पाण्याची. तिच्या रांगेत काही उमटता कामा नये. उमटले, तर हात अस्वच्छ ठरला आणि सारा निकाल बाद.

"प्रभो, आमचे हात शुद्ध ठेव," मॅडम डोळे मिटून म्हणाल्या.

प्राजक्ताने डोळे उघडले. काडी आपल्या गालाच्या आतून फिरवली, शेजारच्या पायलच्या पाण्याच्या नळीचे झाकण अंगठ्याने उचलले, काडी आत ढवळली, झाकण लावले. 'आमेन' म्हणताना तिची मान इतरांइतकीच खाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेल निळ्या प्रकाशावर ठेवला. पायलच्या पाण्याच्या रांगेत दोन पट्टे होते. फिकट, पण होते.

"काहून वो पायल, नळीत चूळ भरली का?" नितेश म्हणाला आणि वर्ग खिदळला.

"तीन वर्षं मी शिकवलं ते कुणाला?" मॅडमनी विचारले.

"मॅडम, मी लय जपून केलं. घान नाही जाऊ देली."

"मग पाण्यात पट्टे आपोआप उगवले का?"

पायलचे डोळे भरले. प्राजक्ताने तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे वो. होते कधी कधी," असे ती म्हणाली, आणि तिचा आवाज खरोखरच मऊ होता.

पायलने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा जेलवर वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.

"मॅडम, हे पट्टे माहे नाहीत. माहे खाली हायेत. हे दोन्ही वर हायेत."

मॅडम तिच्या शेजारी येऊन वाकल्या. त्यांनी जेलचे छायाचित्र काढून घेतले, त्यावर मोजपट्टी आडवी धरली आणि एकेका मुलाच्या रांगेवरून सरकवत नेली. मोजपट्टी प्राजक्ताच्या रांगेवर थांबली तेव्हा तिला कळले. पाण्याचा नियम तिने घोकून पाठ केला होता; प्रयोग मुळात कशाचा आहे, तेवढेच ती विसरली होती. दुसऱ्या कुणाचीही थुंकी चालली असती.

"प्राजक्ता, इकडे ये. पाण्याची रांग वाच. मोठ्याने."

"दोन पट्टे, मॅडम."

"कुणाचे?"

तिचे बोट नुसतेच छायाचित्रावर फिरत राहिले.

"एवढंही वाचता येत नाही? मग पदवी कशाला हवी?"

"माझे."

 त्याच संध्याकाळी पायलचे नाव बंगळूरला गेले.

खोलीत प्राजक्ताने तिचे पाय धरले. "तू मॅडमले सांग ना, मस्करीत झालं म्हून. मले परतवाड्याले देऊन टाकतीन वो!"

पायलने पाय काढून घेतले. "माह्या आजीनं सांगितलं होतं पान्याचं सारं. तिच्या घागरीत कसं वरून ओतत होते, दुरून. मले वाटे, जुनं झालं ते." मग गादी गुंडाळीत म्हणाली, "मी बाजूच्या आचलच्या खोलीत चालली. तू सामान बांध."

परीक्षेआधीची सुट्टी लागली आणि शनिवारी गजेंद्रराव मुलीला न्यायला आले. मॅडमनी ते छायाचित्र प्रयोगशाळेबाहेरच्या फलकावर लावले होते.

"यात तुहं कोनतं?" त्यांनी कौतुकाने विचारले. प्राजक्ताने बोट दाखवले. त्यांची नजर पुढे सरकली. "अन् हे बी तसंच दिसते! दोन जागी तुहं? पहिली आली का काय!" दारात मॅडम दिसताच त्यांनी हसून हात जोडले. "मॅडम, पोरीचं दोनदा छापलं तुमी."

"आम्ही नाही छापलं. तिचं तिनंच आणलं. सांग वडिलांना."

प्राजक्ताने सांगितले. एका वाक्यात सांगून झाले. आत टेबलापाशी पायल हातमोजे घालत होती.

गजेंद्ररावांनी तिच्याकडे पाहिले. "कोनाची हाय ते?"

"अकोल्याची. संघपाल मास्तरची."

त्यांनी नावावरून काय ते ओळखले आणि त्यांचा चेहरा निवळला. मुलीच्या कानाशी ते बोलले, पण बागेत हाका मारून सरावलेला तो आवाज. आत ऐकू गेलाच.

"बुडवली ते बुडवली. पन आपलीच काडी काहून बुडवली, बयताड?"

पायलने दुसरा हातमोजा चढवला. मॅडमनी दार लावून घेतले.

जिना उतरताना गजेंद्ररावांनी परतवाड्याला फोन लावला. "हो, घरी आनून राहिलो पोरीले. परीक्षा झाली का तारीख काढा. शिक्षन? झालं ना पुरं. लय हुशार हाय पोरगी, कॉलेजनं फोटो लावला तिचा." मागून दोन्ही हातांत बॅगा घेऊन प्राजक्ता उतरत होती, आणि खाली उभ्या असलेल्या मुली तिला वाट देण्यासाठी जरुरीपेक्षा जास्तच बाजूला सरकल्या.