एकसष्टावा दिवस

या गं बायांनो, बाबांनो, जवळ सरका. कन्नडकडच्या वच्छलाबाईची गोष्ट सांगते. हेव्यापायी माणूस काय गमावून बसतो, ते ऐका.

मेंढरं रानात शिरल्यावरून मारामारी झाली, नि तिचा नवरा मुंजाबा अन् शेजारचा बिभीषण दोघंही एकाच खटल्यात तुरुंगात गेले. कीर्तनात टाळ धरणारी भोळी माणसं. पण वच्छलाबाईला डाचायची ती बिभीषणाची अंबिका. तिच्याकडं मोठा फोन. नवऱ्याची भेट ती फोनवरच घ्यायची, वर गल्लीभर सांगायची, "आज हसले गं बाई!" वच्छलाबाईकडं बटणांचा फोन. दोन महिन्यांत तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

एकसष्टाव्या दिवशी सकाळीच अंबिका दारात.

"वच्छे, चल लवकर! साठ दिवस उलटले, पोलिसांनी दोषारोपपत्र दिलं नाय. आज अर्ज टाकला तर जामीन हक्काचा, वकीलसाहेब म्हणतात. पोलिसांचे कागद आधी गेले तर हक्क बुडाला. दोघांचाही टाकू."

"तुझा फोन, तुझा वकील, आता माझा नवराबी तूच सोडव! लई मिरवू नको. उद्या तारीख हाय, आमचे धनी साहेबांना सोता सांगतील."

अंबिका एकटीच गेली, नि बिभीषणाचा अर्ज टाकून आली.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई जीपनं शहरात कोर्टात आली. भिंतीवर पडदा, पडद्यावर तुरुंगातून दिसणारा मुंजाबा. किती वाळला होता!

"वकील आहे का? काही म्हणणं आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

आवाज तिकडं पोचलाच नाही. साहेबांचे ओठ थांबलेले दिसले, तशी मुंजाबानं हात जोडून मान लववली, बुवांचं निरूपण संपल्यावर लववायचा तशीच. कारकुनानं लिहिलं, काही म्हणणं नाही.

"त्यांना ऐकूच गेलं नाय, साहेब!" वच्छलाबाई मागून ओरडली. शिपायानं तिला दटावून खाली बसवलं. चौदा दिवस पुढची तारीख पडली, पडद्यावर दुसराच माणूस आला. दुपारी पोलिसांचे कागद दाखल झाले, नि मुंजाबाचा हक्क बुडाला.

बिभीषण सुटून आला. अंबिकेनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. वच्छलाबाई कुडाआडून बघत होती. शेवटी हेवा गिळून अंबिकेच्या दारात गेली.

"अंबे, तुझ्यावर जळता जळता मी माझ्याच माणसाला कोंडलं गं."

"रडू नको. आता साधा जामीन मागू."

"येळ लागंल?"

"लागंल, बाई."

अर्ज अजून पडून आहे. मुंजाबा दोषी की निर्दोष, हे कुणीच ठरवलेलं नाही. देवाचं नाव घ्याल, तेव्हा त्याचीही आठवण ठेवा.