हिरव्या दिव्याखालची दुसरी बॅटरी

मित्रांनो, मी भालकीच्या एका ट्रॅव्हलर गाडीतली जुनी बॅटरी आहे. गाडीचं इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी. मी दुसरी, मागच्या सीटखालची. पंखे, दिवे आणि छोटा फ्रिज माझ्यावर चालत.

माझे मालक मल्लिकार्जुन सहलींना गाडी नेत. त्यांच्या आधीच्या गाडीत इंजिनाकडून आलेल्या एका साध्या वायरीने माझं पोट भरायचं. प्रवासी गार पाणी पिऊन माझं कौतुक करत. मला त्याचा अभिमान वाटे.

मग नवी गाडी आली. मला तिच्यात बसवताना मेकॅनिक गुरुबसव म्हणाले, "या नव्या इंजिनाचं चार्जिंग पयली बॅटरी भरली की कमी व्हतंय. मागच्या बॅटरीला येगळा चार्जर लागतंय. टपावर सोलर बी टाकू, उभ्या गाडीत भरंल."

"उद्या सकाळी ट्रिप हाय, अण्णा. पयल्यावानीच वायर वढा," मालक म्हणाले.

"मग सीटजवळच्या ह्या दिव्यावर भरोसा ठिवू नका. हिरवा दिवा म्हंजे वायरीत करंट आलं, एवढंच. बॅटरी भरली असं न्हाई."

मालकांनी मान डोलावली आणि ते विसरून गेले.

मे महिन्यात हंपी-बदामीची सहल निघाली. भालकीजवळच्या मेहकर गावच्या पद्माबाई आणि त्यांची लेक जगदेवी गाडीत होत्या. पद्माबाईंना साखरेचा आजार. त्यांच्या इन्सुलिनच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. मी तेव्हा अर्धपोटी होते. प्रत्येक मुक्कामी गाडी तासन्‌तास उन्हात उभी राही, आणि थोड्याच वेळात माझा जीव संपे. फ्रिज बंद पडून आतून तापत असे. इंजिन सुरू झालं की हिरवा दिवा लागे, फ्रिज घरघरू लागे आणि कुणाला काही कळत नसे. मला मात्र सगळं कळत होतं.

तिसऱ्या दिवशी बदामीत पद्माबाईंना घेरी आली, उलट्या झाल्या. दवाखान्यात साखर भलतीच वाढलेली निघाली.

"आई, काल पुरणाची होळगी खाल्लीस ना?" जगदेवी रडत ओरडली.

"अर्धीच खाल्ले गं," पद्माबाई पुटपुटल्या.

मालक धावत गाडीकडे आले. फ्रिज उघडून त्यांनी बाटली हातात घेतली. ती कोमट होती. त्यांनी झाकण लावलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही. दवाखान्याने नवं औषध दिलं. दोन दिवसांनी पद्माबाई उठून बसल्या. परतीच्या वाटेवर सगळे त्यांनाच पथ्य सांगत होते, आणि त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मी त्यांच्याच सीटखाली होते.

पंधरा दिवसांनी मालक गुरुबसवांकडे गेले. "अण्णा, चार्जर बसवा."

"आता कामून?"

मालकांनी सगळं सांगितलं. गुरुबसवांनी हातातला पाना खाली ठेवला. "मला सांगून काय व्हतंय? आधी मेहकरला जावा."

मालक तसेच गाडी घेऊन मेहकरला गेले; मी अजून सीटखालीच होते. पद्माबाई दारातच बसल्या होत्या.

"अक्का, होळगीनं न्हाई झालं. गाडीतला फ्रिज बंद पडलता, तुमचं औषध तापून खराब झालं. मला तवाच कळलतं."

जगदेवी आईकडे बघतच राहिली.

"पंधरा दिस झालं, पोरगी माझ्या ताटावर नजर ठिवायलीय," पद्माबाई म्हणाल्या. "मी बी मनात म्हणायले, माझीच जीभ वाईट. त्याच दिशी सांगितलं असतंस तर इतकं रडले नसते बघ."

जगदेवी आईजवळ खाली बसली आणि तिने आईचा हात धरला.

आता गाडीत वेगळा चार्जर आहे, टपावर सोलर आहे आणि नवी बॅटरी आहे. अर्धपोटी राहून माझ्या आतल्या पट्ट्या खराब झाल्या. मी गुरुबसवांच्या दुकानामागे भंगाराच्या गाडीची वाट बघत पडले आहे. पद्माबाईंची खाली झुकलेली मान अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मित्रांनो, गाडीत कुणाचं औषध असेल, तर नुसता दिवा बघू नका. हात लावून बघा. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.