ॲल्युमिनियमच्या ट्रेवरचं नाव

मायरनने छताची फळी सरकवून वर बॅटरी मारली आणि तो शिडीवरच थबकला. केबल टाकायच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या ट्रेवर काळ्या मार्करने लिहिलं होतं, ल्युबा.

कॅनडातल्या विनिपेगचे वायरमन छत बंद करण्याआधी आपण लावलेल्या ट्रेवर नाव टाकतात. ल्युबा त्याची बायको, त्याच्याच धंद्यातली. गेल्या हिवाळ्यात वारली. इस्पितळाच्या या भागात तिने काम केलं होतं, हे तो विसरूनच गेला होता.

"काय रे, भूत दिसलं का?" खालून डोरीन ओरडली. ती मुकादम, ल्युबाची कामावरची जुनी जोडीदारीण.

"तुझीच मैत्रीण आहे. ये, बघ."

डोरीन वर चढली. नाव वाचून तिने ट्रे ठोकून पाहिला.

"हा तुकडा राहू दे, मायरन. चांगला मजबूत आहे. नवी केबल यावरूनच नेऊ. आगीत टिकणारी केबल आहे, मग झालं तर!"

मायरनलाही तेच हवं होतं. नाव तिथंच राहिलं असतं. पण ती केबल ऑपरेशन थिएटरच्या दिव्यांची होती.

"केबल टिकेल गं. पण आगीत हा ॲल्युमिनियमचा ट्रे वितळला की ती खाली कोसळेल, आणि पोट फाडलेला माणूस अंधारात."

"इथं कधी आग लागलीय?"

"हे ल्युबासमोर बोलली असतीस तर तिने तुला शिडीवरून उतरवलं असतं."

"उतरवलं? ढकललं असतं!" डोरीन हसली आणि तिने डोळे पुसले.

ल्युबाचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा या ट्रेवर साध्या वायरी होत्या. मायरनने तो काढला आणि पोलादी ट्रे चढवला. त्याचे आधार छताच्या हलक्या सांगाड्याला न अडकवता वरच्या काँक्रीटमध्ये ठोकले. केबल प्लास्टिकच्या पट्ट्यांऐवजी धातूच्या पट्ट्यांनी बांधली. भिंतीतून जाताना राहिलेली फट आग अडवणाऱ्या लेपाने बुजवली. मग दोन्ही हातांनी ट्रे हलवून पाहिला. जागचा हलला नाही.

डोरीनने मार्कर पुढे केला. "दोघांचं लिही."

"छे! ज्याने लावला त्याचंच नाव. नाहीतर ल्युबा मला घरात घेणार नाही."

त्याने फक्त 'मायरन' लिहिलं आणि फळी लावली.

ल्युबाच्या नावाचा तुकडा कापून त्याने घरी नेला आणि स्वयंपाकघरात, तिच्या चहाच्या किटलीच्या वर, भिंतीवर टांगला. हुक पोलादीच लावले.