साखळीतून आलेली विनंती

आत्याचा घसा बसला म्हणून हे सगळं घडलं. एरवी चार घरं ऐकतील असा तिचा आवाज, पण सकाळपासून तोंडातून नुसती हवा बाहेर येत होती. आत्याला गप्प बसावं लागतंय याची चिऊला मनातल्या मनात गंमत वाटत होती. चिऊ सतरा वर्षांची. चर्चच्या गायनवृंदात तिच्याइतका खणखणीत आवाज कुणाचा नाही, तरी घरात नाव चिऊच.

दुपारी आत्याचा फोन वाजला तेव्हा आत्या गुळण्या करत होती. तिने हातानेच खुणावलं, घे तू.

फोन बेकरीवाल्या काकूंचा, म्हणजे प्रार्थना-साखळीचा होता. त्यांच्या चर्चच्या मंडळीत ही जुनी पद्धत. कुणाला अडचण आली की त्याने पाळकांच्या म्हणजे धर्मगुरूंच्या पत्नीला, बाईंना, सांगायचं, बाईंनी पहिल्या घरी फोन करायचा, त्या घराने पुढच्या. नाव सांगायचं नाही, विचारायचं नाही. विनंती सांगायची, फोनवरच दोघांनी आळीपाळीने मोठ्याने प्रार्थना करायची आणि पुढे पाठवायची. शेवटचं घर त्यांचं; फोन एरवी आत्याच घ्यायची.

"घसा बसलाय होय? बसू दे, त्यालाही जरा विश्रांती," काकू हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "विषय नाजूक आहे गं. तू लहान आहेस, पण साखळी तोडून कसं चालेल? आपल्यातलीच एक मुलगी आहे. तिला मुलगे नाही, मुली आवडतात म्हणे. घरचे पार खचलेत बिचारे. प्रभूने तिला यातून बरं करावं, एवढंच मागायचंय."

चिऊच्या काळजात धस्स झालं. तिकडे काकूंनी प्रार्थना सुरूसुद्धा केली. अगदी मनापासून, रडत. तिच्यातली ती कीड काढून टाक, म्हणाल्या. चिऊला कडेवर घेऊन पहिलं गाणं शिकवलं ते याच काकूंनी.

"हं, आता तू कर," काकू नाक पुसत म्हणाल्या.

काय मागायचं? हेच तर ती तेराव्या वर्षापासून मागत आली होती. मला बदल, मला बदल. गुडघे तेवढे झिजले. गेल्या वर्षी कधीतरी तिने कंटाळून मागणं सोडलं, आणि पाहते तर काय, देव कुठे गेलाच नव्हता. रागावलेलाही वाटेना. याचं तिला स्वतःलाच अजून नवल वाटायचं.

"प्रभू," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला, "ही मुलगी तुझी आहे. तू तिला सोडलं नाहीस. बाकीच्यांनाही सोडू देऊ नकोस."

"अगं, बरं करायचं राहिलं की!" काकू गोंधळून म्हणाल्या.

चिऊने फोन ठेवला. आणि मग दुसरा धक्का बसला, पहिल्यापेक्षा मोठा. ही गोष्ट तिने जगात एकाच माणसाला सांगितली होती.

बाबांचं किल्ल्यांचं दुकान घराखालीच. आठवड्यापूर्वी तिथेच, कानशीची करकर चालू असताना तिने धीर करून सांगून टाकलं होतं. बाबा "बरं" म्हणाले आणि किल्ली घासत राहिले. मुळातच मोजकं बोलणारा माणूस, आई गेल्यापासून तर विचारूच नका. त्यानंतर हूं की चूं नाही. तिला वाटलं, पचवताहेत. पचवतात कसले, घरोघर वाटत होते!

ती धडाधड जिना उतरली. "मला साखळीत घातलंत, बाबा?"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला कुणी सांगितलं?"

"आत्याचा घसा बसलाय. फोन मी घेतला. तिच्यातली कीड काढ म्हणून काकू रडल्या, आणि मला म्हणाल्या, आता तू माग."

"कीड?" बाबांच्या हातातली कानस खाली पडली. "कीड कोण म्हणालं?"

"तुम्हीच सांगितलंत ना, तिला बरं करा म्हणून!"

"मी? मी असं कशाला सांगेन?" बाबा उठून उभे राहिले. "मी बाईंना म्हटलं, मुलीने विश्वासाने मला एवढी मोठी गोष्ट सांगितली आणि माझं तोंडच उघडेना. तिच्याशी नीट बोलायची ताकद मला मिळावी, एवढं मागा. बस्स."

चिऊ त्यांच्याकडे बघतच राहिली. घराघरांतून फिरताना प्रत्येकाने आपल्या पदरचं थोडं घातलं होतं, तेही चांगल्या मनाने, आणि बापासाठीचं मागणं लेकीवर येऊन आदळलं होतं. इतका राग घेऊन ती खाली आली होती, आता तो ठेवायचा कुठे हेच तिला कळेना.

बाबांनी फोन उचलला. "दुरुस्त करतो. पण नाव सांगावं लागेल. माझं सांगितलं की तुझंही कळणार. रविवारी सगळे वळून बघतील. सांगू?"

गायनवृंदात जागा राहील का, कुणी शेजारी तरी उभं राहील का, कुणास ठाऊक.

"सांगा," ती म्हणाली, आणि आपण असं म्हणालो यावर तिचाच विश्वास बसेना.

"बाई, मी किल्लीवाला बोलतोय. माझी विनंती भलतीच होऊन फिरली. ती मुलगी माझी. हो, चिऊच. तिला काही झालेलं नाही, बाई. झालंय ते मला. बरं करायचंच असेल तर मला करा म्हणावं देवाला."

वर्षभरात बाबा एका दमात एवढं बोलले नव्हते. चिऊ आ वासून पाहत होती. ठेवा आता, मी प्रार्थना करते, असं बाई पलीकडून म्हणाल्या. बाबांनी फोन कानापासून हलवला नाही.

"नाही, मी ठेवत नाही," ते म्हणाले. "तुमची प्रार्थना होऊ दे. आम्ही दोघं इथेच उभे आहोत."