पासष्टावं घर

टक्. कटरचं पातं पुन्हा बाहेर सरकलं आणि माझ्या मांडीवरचं बाळ दचकलं. दुपारची एवढी एकच शांत वेळ मिळते मला.

"बाबा, पुरे आता. जेवून घ्या ना."

"हा पाचवा संच. हा बरोबर येणार," सासरे म्हणाले.

बत्तीस वर्षं ते एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. परीक्षानळ्या धुवायच्या, सरांना लागतील ती कोडी पुठ्ठ्यातून कापून द्यायची. त्यातलंच एक उद्या माझी मोठी लेक वर्गात दाखवणार होती. आठ बाय आठ घरांचा चौरस, त्याचे चार तुकडे. तेच फिरवून लावले की पाच बाय तेराचा आयत होतो. चौसष्ट घरांची पासष्ट! मी तीनदा मोजली, तीनदा चक्रावले.

बाबांना त्या जादा घराचं काहीच नव्हतं. त्यांचं दुखणं वेगळं. आयत जुळवला की मधोमध तिरकी फट उरायची, काडी मावेल एवढी.

"सर दरवर्षी म्हणायचे, हात हलला तुमचा, फट दिसतेय. मग मी कशीबशी दडपून द्यायचो." त्यांनी पंजा उजेडात धरला. "तेव्हा नव्हता गं हलत. आता मात्र गेला हात."

"आणि सर मुलांना पुढे काय सांगायचे?"

"मला काय ठाऊक? तोवर मी मागे नळावर."

लेक स्वयंपाकघरातून मिठाची बरणी घेऊन आली. "पांढऱ्या पुठ्ठ्यात पांढरं मीठ! कोण्णाला नाही कळणार, आजोबा."

"अगं ए, सांडशील!"

पण फट खरंच बुजली. तिने वरून पट्टी फिरवली. बाबा हसले. "लबाड आहेस."

बाळाला खाली ठेवून मी तुकडे उचलले, मीठ कागदावर गोळा केलं. एवढंसंच. काहीतरी डोक्यात आलं, पण नीट हाती लागेना.

"बाबा, ह्याच पुठ्ठ्यात एका घराएवढी खिडकी कापून द्याल?"

त्यांनी दिली. मी मीठ ओतलं, पट्टीने सपाट केलं. खिडकी काठोकाठ भरली. कण उरला नाही.

"म्हणजे काय झालं?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे... ते जादा घर कुठून आलंच नाही. ती फटच ते घर. लांबट पसरलेलं. बरोबर कापलं तर फट येणारच, बाबा."

"येणारच?"

त्यांनी केराच्या टोपलीतून आधीचे चारही संच काढले. पुसले. एकेक जुळवत गेले. प्रत्येकात तीच फट, तेवढीच.

"सगळे सारखे आलेत," ते पुटपुटले. चेहऱ्यावर आनंद होता की आणखी काही, मला कळेना.

लेकीने माझ्या कानाला तोंड लावलं.

"आई, आजोबांच्या सरांना हे माहीत नव्हतं, की माहीत होतं?"