आत्याचं प्रथिन

आत्याची बावीस वर्षं एकाच प्रथिनापायी गेली. पेशीतल्या डीएनएचा धागा रोज हजारो ठिकाणी तुटतो आणि हे प्रथिन तो गुपचूप सांधत बसतं. विद्यापीठात तिला ‘शिंपीणबाई’ म्हणत आणि तिलाही ते नाव आवडे. घरी तिच्या कामाची फारशी चौकशी नसे. दादा पाहुण्यांना सांगे, ही नळ्या हलवते.

मग दादाची धाकटी मुलगी, सगळ्यांची मुंगी, आठव्या वर्षी चालताना झोके खाऊ लागली. पेन्सिल हातात ठरेना. वर्षभर दवाखाने पालथे घातल्यावर तपासणीचा अहवाल आला, तो दादाने थेट प्रयोगशाळेत आणला. बिघाड नेमका आत्याच्याच प्रथिनात निघाला होता. म्हणजे आता सुटलो, असंच दादा धरून चालला होता.

आत्याने शेवटचं पान दोनदा वाचलं. मुंगीच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं होतं. तोच बदल आत्याने पीएचडी करताना मुद्दाम करून पाहिला होता, सांधण्याचं काम कुठे अडतं ते कळावं म्हणून. आपल्या शोधनिबंधात तिने त्यापुढे ‘कार्य शून्य’ असं लिहिलं होतं. त्याच निबंधावर तिला नोकरी लागली होती, आणि डॉक्टरांनी निदानाला आधार म्हणून तोच जोडला होता.

“बरी होईल ना?” दादाने विचारलं.

“ते कसं बिघडतं एवढंच मी शोधलंय, दादा. दुरुस्त करणं मला येत नाही. अजून कुणालाच येत नाही.”

“मग इतकी वर्षं केलंस काय?”

आत्या नुसती अहवालाची पानं सारखी करत राहिली.

पुढची तीन वर्षं तिने हातातलं बाकी सगळं सोडून दिलं. चारशेवर रसायनं तपासली. त्यातल्या एकाने नळीतलं मोडकं प्रथिन जरासं चालवलं, तेव्हा तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. जिवंत पेशींवर टाकलं तर पेशीच मेल्या. वहिनी दर रविवारी फोन करी, इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच विचारी, काही नवीन? पुढे तिने विचारणं सोडलं. आत्याला तेच जास्त लागलं.

बाराव्या वर्षी मुंगी चाकाच्या खुर्चीत आली. एकदा तिने हट्टच धरला, मला ते प्रथिन दाखव. आत्याने तिला प्रयोगशाळेत नेलं, बर्फातली नळी काढून तिच्या हातात दिली. मुंगीचा हात स्थिर राहीना, म्हणून आत्याने खालून आपल्या हाताचा आधार दिला.

मुंगीने नळी उजेडाकडे नेली.

“हे तर नुसतं पाणी दिसतंय.”

“हो.”

“हे माझ्यातलं बिघडलेलं आहे, की चांगलं?”

“चांगलं. तुझ्याकडे नाही ते.”

मुंगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बोटं गार पडली गं, आत्या. ठेव आता.”

आत्याने नळी परत बर्फात ठेवली आणि तिची बोटं आपल्या ओंजळीत घेऊन चोळत बसली.